कापूस भरलेल्या पक्ष्यांवर पैसे घालायचे का? घालायचेच!

शेवरी (धागाकर्ती)
काल एका गटावर फिरत आलेली पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणणं असं: निसर्ग-संग्रहालयं म्हणजे इंग्रजांच्या शिकारीची अडगळ, मेलेल्या पक्ष्यांना एसी कशाला, तो पैसा जंगलाला द्या. खाली अंगठ्यांचा पाऊस.

या लोकांना रानपिंगळा, म्हणजे ते रानातलं छोटं घुबड, माहीत आहे का? १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पत्ताच नव्हता. मधला एकमेव पुरावा म्हणजे कर्नल मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला मारला म्हणून सांगितलेला नमुना. १९९० च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा उघडकीला आलं की या महाशयांनी ब्रिटिश संग्रहालयातला, डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने खानदेशात गोळा केलेला पक्षी ढापला होता, तो उसवून पुन्हा भरला होता आणि वर (पक्षी कुठे, केव्हा मिळाला त्याची) खोटी चिठ्ठी बांधली होती. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा फांदीवर बसलेला सापडला. ही कपाटं 'अडगळ' म्हणून फेकली असती तर आपण आजही मांडवीलाच शोधत बसलो असतो.

रोखठोक_नाना
म्हणजे संग्रहालयातून चोरी झाली, खोटी चिठ्ठी संग्रहालयातच खपली, आणि ती पकडली म्हणून श्रेयही संग्रहालयालाच! वा!

गिधाडांचं बोला. ती नाहीशी होताहेत हे भरतपूरला जिवंत पक्षी मोजून कळलं. कारण गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक निघालं, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. यात कापूस कुठे होता?

शेवरी
नाना, भरतपूरची ती मोजणी बीएनएचएसच्याच (मुंबईची निसर्ग-इतिहास संस्था, नमुन्यांची कपाटं सांभाळणारी) माणसांची. आणि डीडीटी या कीटकनाशकामुळे ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, हे कशावरून कळलं? जुन्या संग्रहांतली अंडी तोलून.

रोखठोक_नाना
संस्था वेगळी, कपाट वेगळं. संस्थेच्या माणसांनी रानात जाऊन केलेलं काम कपाटाच्या नावावर खपवू नका. अंड्यांचं ठीक आहे, एक गुण घ्या.

सडेकर
कपाटावर भांडताय, पण आमच्या गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीबद्दल (गावातली झाडं-प्राणी लिहून ठेवायची वही) कुणी बोलणार का? हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि सगळीकडे पळापळ. आमच्याकडे एक एजन्सीवाला आला, ग्रामपंचायतीत चहा प्यायला, फोटो काढला, गेला. वही आली. समुद्राकाठचं गाव आमचं, आणि वहीत चिंकारा, कोरड्या माळावरचं हरीण! खाडीतल्या तिवरांचा उल्लेख नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात जे फुलतं त्यातलं एक नाव नाही. वर गावच्या जैवविविधता समितीच्या सह्या, त्यात माझ्या चुलत्यांची पण.

खानदेशी_बाणा
चिंकारा 😂 आमच्या वहीत नारळ-सुपारीच्या बागा आहेत. तुमची नि आमची वही अदलाबदल झाली वाटतं.

सडेकर
हसण्यावारी नेऊ नका. उद्या सड्यावर चिऱ्याची खाण आली की हीच वही पुढे करतील. 'इथे नोंद घेण्यासारखं काही नाही', मोकळे!

ग्रामपंचायतवाली
एजन्सीला शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या समितीला ना पैसा, ना माणूस, आणि वह्या नसतील तर राज्याला महिन्याला दहा लाख दंडाची टांगती तलवार होती. तुमचे चुलते सही करताना झोपले होते का?

सडेकर
चुलत्यांवर जाऊ नका. ते सातवी शिकलेत, वही इंग्रजीत होती.

शेवरी
मंडळी, धागा भरकटला, पण सडेकरांनी माझाच मुद्दा मांडलाय. वहीत चिंकारा आला कारण मागे नमुना नाही, तारीख नाही, ठिकाण नाही, कुणी पाहिलं ते नाही. हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदावर हे सगळं असतं. चूक असली तरी शंभर वर्षांनी कुणीतरी पकडू शकतं, मायनर्ट्झहागेनसारखी. खाणीच्या सुनावणीत सड्यावरच्या फुलाचा दाब देऊन वाळवलेला नमुना कामाला येतो, 'आमच्या आजीला माहीत होतं' हे नाही येत.

सडेकर
आजीला खरंच माहीत होतं. कुठलं कंदीलपुष्प कुठल्या कातळाच्या बगलेत, सगळं. तुमचे शास्त्रज्ञ तिलाच विचारून कंद घेऊन गेले. कागदावर नाव कुणाचं, गोळा करणाऱ्याचं! त्यामुळे संग्रहालयाची आरती मला सांगू नका. पण वहीपेक्षा तो कागद बरा, हे कबूल.

रोखठोक_नाना
हा आला खरा प्रश्न. आणि तो कागद आहे कुठे? सडेकर, तुम्हाला तो बघता येईल का? मुंबईत फोर्टात बीएनएचएसच्या हॉर्नबिल हाउसच्या खोल्यांत लाखाहून जास्त नमुने आहेत, गावच्या माणसाने दार ठोठावलं तर काय होतं ते सांगा. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २०१६ च्या एप्रिलमध्ये जळालं. एसी लागतो म्हणता ना, तर आधी आग विझवायची सोय करा.

शेवरी
म्हणजे पैसे द्यायलाच हवेत. पोस्ट तर पैसे काढून घ्या म्हणत होती!

रोखठोक_नाना
द्या. पण आधी प्रत्येक चिठ्ठीचा फोटो मराठी नावासकट तालुक्याला पोचवा, मग एसी. आणि तोवर 'कपाटाने पिंगळा वाचवला' म्हणू नका. कपाटाने पत्ता दिला. वाचवायचा आहे तो अजून.

खानदेशी_बाणा
तो पत्ता आमचा आहे, शहाद्याचा. त्या रानात अतिक्रमणं किती वाढली त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.