माळावरची विष्णुक्रांत कुंडीत रुजत नाही. मुळात ती विष्णुक्रांतच ना?

नमस्कार मंडळी,

आमच्या माण तालुक्याकडच्या मुरमाड माळावर पावसाळा सरताना कुसळीच्या बुडाशी एक निळं फूल दिसतं, करंगळीच्या नखाएवढं. रोप जमिनीलगत पसरतं, पानांवर रेशमी लव. कशालाही विळखा घालत नाही. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, त्यामुळे घरून उशिरा निघालो की हेलपाटा ठरलेला.

आई म्हणते विष्णुक्रांत. शेजारचे काका म्हणतात शंखपुष्पी. त्यांच्या मुलीने शंखपुष्पी म्हणून चक्क गोकर्णीचा वेल दाखवला!

गेल्या दिवाळीत बोंडं गोळा करून ठेवली होती. जूनमध्ये पोयटा, शेणखत, कोकोपीट असा सगळा थाट करून साठेक बिया पेरल्या, रोज पाणी घातलं. दोन उगवल्या, त्याही बुडाशी कुजल्या. एक रोप उपटून आणायला गेलो तर मूळ लाकडासारखं टणक, खोल गेलेलं. तुटलंच. (पुन्हा नाही करणार.) नर्सरीतून 'विष्णुक्रांत' आणली तिचं फूल बरंच मोठं आहे. मग आता करू काय?

प्रतिसाद:
अहो, आधी फूल भिंगाखाली धरा. मधोमध बुडापासून दोन कुक्षीवृंत (फुलातल्या स्त्रीकेसराचे बारीक दांडे) आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, असे चार धागे दिसले तर विष्णुक्रांत, शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. कॉन्व्हॉल्व्ह्युलस या दुसऱ्या प्रजातीतल्या शंखपुष्पीत एकच कुक्षीवृंत असतो, टोकाला दुभंगलेला. फूलही पांढरं किंवा फिकट गुलाबी. घोळ जुना आहे, लाज वाटू देऊ नका. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७५३मध्ये हिला कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्येच बसवलं होतं, १७६२मध्ये बाहेर काढलं. इव्हॉल्व्ह्युलस म्हणजे 'उलगडलेली', विळखा न घालणारी. गोकर्ण तर शेंगवर्गीय, तिचा इथे संबंधच नाही. तुमची नर्सरीवाली बहुधा ब्राझीलकडची भाऊबंद असावी, इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस.

बियांचं म्हणाल तर या कुळात बीकवच कडक असतं, पाणी आत शिरतच नाही. बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासा, डोळ्याच्या (बी देठाला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या) बाजूने नको. रात्रभर भिजवा. फुगलेल्याच पेरा. कोकोपीट आणि शेणखत विसरा. मुरूम नि वाळू जास्त, कुंडी खोल, दिवसभर ऊन. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. माळावर रोज कोण पाणी घालतं?

मूळ प्रश्नकर्ता, आठवड्यानंतर:
चार धागे दिसले! आई जिंकली, काकांनी अजून मान्य केलेलं नाही. उरलेल्यांपैकी १२ बिया घासून भिजवल्या, ७ फुगल्या. बाकीच्या ५ टाकून देऊ?

प्रतिसाद:
टाकू नका. पुन्हा थोड्या घासा, पुन्हा भिजवा. घाव कवचापुरताच, आतला पांढरा गर दिसायला लागला की थांबा.