ही शेरणीच ना? बोडीच्या पाळीवर (लहान तलावाच्या बांधावर) लावलेल्या काड्या कुजल्या, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कुरखेडा तालुक्यातला, गडचिरोली जिल्हा. आमच्या नदीत खडकांच्या भेगांमध्ये कमरेएवढं एक झुडूप आहे. उन्हाळ्यात साग बोडका होतो तेव्हाही हे हिरवंच. पुरात पाण्याखाली आडवं पडतं, पाणी उतरलं की फांद्यांवर काडीकचरा घेऊन पुन्हा उभं.

पान कण्हेरीसारखं, अरुंद आणि वीतभर. पण कण्हेरीला एका पेरावर तीन-तीन पानं असतात, इथे आळीपाळीने एकेक. तोडलं तर चीक नाही. पान उलटून भिंगातून पाहिलं तर बारीक खवले दिसतात. फेब्रुवारीत पानांच्या बगलेत लालसर तुरे आले होते. आजी शेरणी म्हणते. शेजारचे काका म्हणतात बेशरम. बेशरम मी ओळखतो हो, अर्धी बोडी तिनेच खाल्ली आहे!

बोडीची पाळ दरवर्षी खचते, म्हणून धानाच्या रोवणीच्या वेळी वीस काड्या पाळीच्या पायथ्याशी चिखलात खोचल्या. पंधरा दिवस पानं टवटवीत, आम्ही खूश. मग सगळ्या खालून काळ्या. एक उपटली तर साल हातात आली, मुळाचा पत्ता नाही. काडी चुकली की जागा?

प्रतिसाद:
दादा, आजी बरोबर आहे. वर्णनावरून शेरणीच, होमोनोया रिपारिया, एरंडाच्या कुळातली. चुकली ती जागा. हिला पाणी हवं, पण वाहतं. खडकांतून पाणी खेळतं तिथे मुळांना हवा मिळते. बोडीच्या चिकण गाळात पाणी तुंबलं की काडी मूळ धरायच्या आधीच कुजते. पेन्सिलीएवढी, ना कोवळी ना जून अशी काडी घ्या. खालची पानं काढा आणि नदीतल्याच जाड रेतीच्या पिशवीत सावलीत लावा. रेती ओली ठेवा, पण पिशवीची भोकं बुजू देऊ नका. मूळ फुटलं की मगच जागेवर. हिच्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, तुम्हाला माती धरायची आहे, तेव्हा कोणतंही चालेल. आणि नदीतलं झुडूप उपटून आणू नका, मुळं खडकात अडकलेली असतात, तुटतातच.

धागाकर्ता:
आभारी आहे भाऊ. मग पाळीचा नाद सोडतो. सांडव्याखाली दगडांची रास आहे, पावसाळाभर पाणी वाहतं, तिथेच लावतो. तुरे आलेल्या फांदीची काडी चालेल का?

प्रतिसाद:
तुरे नसलेली बघा. नाहीच मिळाली तर तुरे खुडून लावा.