मदत हवी आहे: अमेरिकेत पक्ष आपला उमेदवार निवडतात त्या प्रायमरीआधीच्या पोलमध्ये (जनमत चाचणीत) मागे असलेल्या उमेदवारांचं खरं बळ दिसतं का?

मंडळी, माझा आणि भाच्याचा वाद दोन आठवडे चाललाय, तो अमेरिकेत राज्यशास्त्र शिकतो. त्याचं म्हणणं, प्रायमरीच्या वर्षभर आधीचे पोल म्हणजे फक्त ‘नाव ऐकलंय का’ ही परीक्षा. २००७ मध्ये रिपब्लिकनांत जूलियानी पुढे होते, पुढे त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही. २०१२ च्या निवडणुकीत त्याच पक्षाचे सँटोरम आयोवा राज्यातल्या पोलमध्ये कित्येक महिने तळाशी होते, आणि शेवटी तिथे ३४ मतांनी जिंकले.

मला पटतं, पण अर्धंच. अशी चार नावं आठवतात, कारण ती जिंकली. २ टक्क्यांवर सुरू होऊन २ टक्क्यांवरच संपलेले डझनभर उमेदवार कोणाच्या लक्षात आहेत?

खरी अडचण वेगळीच. ४०० जणांच्या पोलमध्ये २ टक्के म्हणजे आठ माणसं! तीन जणांनी त्या दिवशी फोन उचलला नाही की उमेदवार जवळपास १ टक्क्यावर. आणि २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या डिबेटसाठी तीन पोलमध्ये किमान १ टक्का किंवा ६५,००० देणगीदार अशी अट घातली होती. म्हणजे पोल नुसता मोजत नाही, दारही उघडतो किंवा लावतो.

सर्वेक्षणाचं काम केलेलं इथे कोणी आहे का? इतक्या लहान आकड्यांसाठी बरेच पोल एकत्र करून सरासरी काढली तर भागतं, की सगळ्यांच्या नमुन्यात तीच तरुण, पहिल्यांदा मत देणारी मंडळी सुटत असतील तर चूक तशीच राहते? आणि प्रश्न विचारताना उमेदवारांची यादी वाचून दाखवतात की लोकांनी स्वतःहून नाव सांगायचं, याने किती फरक पडतो?

भाचा रविवारी फोन करणार आहे, त्याआधी सांगाल तर बरं.