पेसमेकरमुळे हार्ट फेल्युअर? ‘व्ही-पेसिंग ९८%’ कसं वाचायचं

सम्राट चौक, सोलापूर
वडील ७१ वर्षांचे. कम्प्लीट हार्ट ब्लॉकसाठी दोन वर्षांपूर्वी ड्युअल चेंबर पेसमेकर बसवलाय. तपासणीच्या कागदावर व्ही-पेसिंग (हृदयाच्या खालच्या कप्प्याला यंत्राने दिलेले ठोके) ९८%. ‘४०%च्या वर पेसिंग गेलं की हार्ट फेल्युअरचा धोका अडीचपट’ असं वाचण्यात आलं. सेटिंग बदलून पेसिंग कमी करून घ्यावं का?

हृद्‌लेख
नाही, तसा आग्रह अजिबात धरू नका. कम्प्लीट ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोचतच नाही. ९८% म्हणजे यंत्र नेमून दिलेलं काम करतंय.

तो ४०%चा आकडा २००३ च्या ‘मोस्ट’ चाचणीच्या उपविश्लेषणातला आहे. त्यातले रुग्ण सायनस नोडच्या (ठोका जिथून सुरू होतो त्या केंद्राच्या) आजाराचे, क्यूआरएस (ईसीजीवरची खालच्या कप्प्यांची लहर) १२० मिलिसेकंदांच्या आतले. त्यांच्यापैकी बहुतेकांचा खाली जाणारा मार्ग शाबूत होता. तरी एव्ही डिले (वरच्या ठोक्यानंतर खालचा ठोका देण्याआधी यंत्र थांबतं तो वेळ) कमी ठेवल्यामुळे यंत्र आधीच ठोका द्यायचं. अशांचा डिले वाढवून पेसिंग कमी करता येतं. शिवाय कुणाला किती टक्के पेसिंग हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्यांना जास्त लागलं त्यांचं हृदय मुळातच अधिक आजारी असू शकतं.

२००२ ची ‘डेव्हिड’ चाचणी चिठ्ठ्या टाकूनच झाली, पण तिथले ५०६ रुग्ण आयसीडीवाले (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र बसवलेले), ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) ४०% किंवा कमी, आणि पेसिंगची गरज नसलेले. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यातलं काहीही न झालेले कमी पेसिंगच्या गटात ८३.९%, जास्त पेसिंगच्या गटात ७३.३%. विनाकारण पेसिंगचा तोटा यातून दिसतो. वडिलांचं पेसिंग विनाकारण नाही.

डावा बंडल
वरचं बरोबर आहे, पण धोका शून्य समजू नका. खालच्या उजव्या कप्प्यातून ठोका दिला की डावी बाजू उशिरा आकुंचन पावते. काहींचा ईएफ काही महिन्यांत वा वर्षांत घसरतो. तुमच्या प्रश्नाला जवळची चाचणी ‘ब्लॉक एचएफ’, २०१३: एव्ही ब्लॉक (वरून खाली जाणाऱ्या संदेशात अडथळा), ईएफ ५०% किंवा कमी, ६९१ रुग्ण. खालच्या दोन्ही कप्प्यांना पेसिंग दिलेल्या गटात ४५.८% जणांना त्रास, फक्त उजव्या कप्प्याच्या गटात ५५.६%. मात्र या ‘त्रासात’ मृत्यू आणि तातडीच्या उपचारांसोबत इकोवर डावा कप्पा १५% फुगणंही धरलंय. त्यामुळे हा फरक सगळा जिवावरच्या धोक्याचा समजू नये.

प्रोग्रामरवाला
कामाचं सांगतो. बसवण्याआधीचा इको शोधा आणि आत्ता नवा करा, शक्यतो त्याच ठिकाणी, सिम्पसन पद्धतीने (कप्प्याची कड आखून मोजमाप). नुसत्या नजरेच्या अंदाजात पाचेक टक्के इकडंतिकडं होतं. ईएफ १० अंकांनी घसरून ५०च्या खाली गेला असेल तर पेसिंगमुळे झालेली कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू कमजोर होणं) आहे का, हे बघावं लागतं. आधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज, झडपांचा आजार वगैरे कारणं वगळून. ईसीजीवर पेसिंगचा क्यूआरएस १५०च्या वर असेल तर जास्त लक्ष ठेवा. घसरण झालीच तर डाव्या कप्प्यासाठी तिसरी लीड (यंत्राची तार) किंवा डाव्या बंडलजवळ (डाव्या बाजूला संदेश नेणाऱ्या मार्गाजवळ) लीड हे मार्ग आहेत.

एका कंपनीचा प्रोग्रामर (पेसमेकर तपासायचं उपकरण) दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचत नाही. सोलापुरात तुमच्या कंपनीचा माणूस कोणत्या दिवशी येतो ते फोनवर विचारूनच निघा, यंत्राचं कार्ड सोबत घ्या.

सम्राट चौक, सोलापूर
आधीचा ईएफ ६०% होता. दम लागत नाही, पाय सुजत नाहीत.

हृद्‌लेख
मग सेटिंगला हात न लावता इको करून घ्या. आडवं पडल्यावर दम लागला किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.