"आमचा चावत नाही हो!" : लिफ्टमध्ये मुसकं सक्तीचं हवं का?

सोनचाफा (धागाकर्ती):
दहा दिवसांपूर्वी आमच्या सोसायटीत, ठाण्यात, एका लॅब्राडॉरने लिफ्टमध्ये माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या पोटरीला दात लावले. मालकीणबाईंच्या एका हातात पट्टा, दुसऱ्यात मोबाइल. 'आमचा चावत नाही हो' हे मी दोन वर्षं ऐकतेय. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतली. (शेजारच्या आजी हळद घेऊन धावल्या, त्यांना थांबवलं.) तीन सुया झाल्या, चौथी अठ्ठाविसाव्या दिवशी. माझं म्हणणं सरळ आहे : लिफ्टमध्ये मुसकं सक्तीचं करा.

शेपूटवाला:
लेकीला लवकर बरं वाटो. पण सक्ती सोसायटीला करताच येत नाही. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना वाचा, मुसक्याचा आग्रह धरता येत नाही आणि लिफ्टही बंद करता येत नाही. शिवाय नाकाला आवळून बांधायची ती कापडी पट्टी घातली की कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. अंग थंड करायला त्याच्याकडे मुख्यतः तोच उपाय असतो.

रिकामटेकडा:
म्हणजे चावायची मुभा आणि वर सूचनांचा आधार? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ ही वाचा की. जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेपूटवाला:
निष्काळजीपणाला मी कुठे पाठीशी घालतोय? मोबाइलवाल्या बाईंची चूकच आहे. पण कुत्रं एकदम चावत नाही हो. जांभई देतं, ओठ चाटतं, तोंड फिरवतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, अंग ताठ होतं. नंतर गुरगुरतं. आपण गुरगुरण्याबद्दल त्याला रट्टा घालतो, मग ते पुढच्या वेळी न गुरगुरताच चावतं. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हाही गैरसमज. मी लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या फेरीची वाट बघतो.

सोनचाफा:
माझ्या मुलीने जांभया मोजत उभं राहायचं का? ते बघणं पट्टा धरणाऱ्याचं काम.

शेपूटवाला:
हे मान्य. जाळीचं मुसकं मिळतं, त्यात धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. घरात खाऊ देत देत सवय लावली तर कुत्रं कुरकुरत नाही. मी घालेन. सक्ती म्हणून नाही.

पिंपळपान:
आणि रस्त्यावरच्या झुंडींचं काय?

रिकामटेकडा:
त्याला वेगळा धागा काढा. यांना निदान मालक तरी आहेत.

लसटोचक:
कुत्रं पाळलेलं आहे, लस झालीय, म्हणून स्वतःच्या मनाने सुया सोडू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना विचारा. सोनचाफा, त्या लॅब्राडॉरचं लशीचं पुस्तक पाहिलंत का?

सोनचाफा:
काल मागितलं. मालकीणबाई स्वतः घेऊन आल्या, सोबत पेढेही होते. रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख गेल्या वर्षीच्या मार्चमधली निघाली. त्यांनाही तेव्हाच कळलं.