प्रश्न पेशी मरण्याचा नाही, सफाईचा आहे

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. "ल्युपसमध्ये पांढऱ्या पेशी मरतात, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, मग काढे द्या," असं कुणीतरी सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. पेशी तर आपल्या सगळ्यांच्या रोजच मरतात, आणि भक्षक पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. ल्युपसमध्ये ही सफाई रेंगाळते. मेलेली पेशी फुटते, आतला डीएनए बाहेर सांडतो आणि शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार करतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तर मरतामरता स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा फेकतात. हे २००४ मध्ये उजेडात आलं. जंतू धरायला जाळं उत्तम, पण ते वेळेत विरघळलं नाही तर आगीत तेल.

उन्हानेही त्वचेच्या पेशी मरतात, म्हणजे साफ न होणारा कचरा आणखी वाढतो. आमच्या वहिनी खानापूरच्या, त्यांना ल्युपस आहे. सुगीत दोन दिवस भात कापायला गेल्या आणि एका गालावरचा लाल चट्टा नाकावरून दुसऱ्या गालावर पसरला. आता ऊन कलल्यावरच, पदर पुढे ओढून शेतात जातात. बरं वाटतंय, बेळगावला डॉक्टरांकडे खेप नको, म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसचं औषध मनाने बंद करू नका. आणि लघवीला फेस दिसला तर सुगी संपायची वाट न बघता तपासून घ्या, मूत्रपिंडावर आलेलं असू शकतं.