कार्बन क्रेडिटला मराठीत काय म्हणायचं? श्रेय, पत की जमा?

भोसरीत नट-बोल्टच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. थोडा माल युरोपला जातो, तिथल्या गिऱ्हाइकाने फॉर्म धाडलाय, टनामागे किती कार्बन डायऑक्साइड ते भरा म्हणून. मालक म्हणाले कामगारांना कळेल अशी मराठीत नोटीस लाव, क्रेडिटचंही टाक त्यात. शोधलं तर 'कार्बन श्रेय' मिळालं, आता यात कसलं श्रेय? आणि 'उत्सर्जन' लिहिलं की पोरं हसतात, शाळेत उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं शिकलीयत ना सगळी.

—

श्रेय नकोच, ते कौतुकाचं. पत पण नको, पत म्हणजे उधार मिळायची ऐपत, पतपेढी त्यावरूनच. कीर्दीतलं क्रेडिट म्हणजे जमा, मी 'कर्बजमा' म्हणेन. आणि कर्ब मेलेला शब्द नाही हां, माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब असतोच.

—

काका, कर्बजमा म्हटलं की कार्बन साठवून ठेवलाय असं वाटतं, एक क्रेडिट म्हणजे तर बहुतेकदा हवेत न गेलेला एक टन. मला टीडीआर आठवतो, बांधकामाचा हक्क, आपण न वापरलेला दुसऱ्याला विकायचा. 2023 ला नोटिफाय झालेली आपली कार्बन ट्रेडिंग स्कीम तशीच आहे, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना टनामागे टार्गेट, त्याहून कमी सोडलं तर सर्टिफिकेट मिळणार, जास्त झालं तर दुसऱ्याकडून विकत घ्या. 'कर्बहक्क' कसा वाटतो? धूर सोडायचा हक्क वाटेल म्हणा, पण ते थोडं खरंही आहे.

—

ताई, शब्द राहू दे, आधी फॉर्म बघा. तो सीबॅमचा असणार, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन आकारणीचा, नट-बोल्ट त्यात येतात. 1 जानेवारी 2026 पासूनच्या मालासाठी तिकडच्या आयातदाराला सर्टिफिकेटं घ्यावी लागतात, पण ती म्हणजे क्रेडिट नव्हे, तुम्ही झाडं लावून क्रेडिट आणलीत तरी तिथे धरत नाहीत. इथे कार्बनपायी खरोखर पैसे भरले असतील तर तेवढे वजा होतात. आणि तुमचा बराचसा आकडा वायर रॉडमधूनच, म्हणजे तुमच्या कच्च्या मालातूनच येणार, ते पोलाद कोळशावरच्या ब्लास्ट फर्नेसचं की भंगार वितळवून केलेलं, त्यावर सगळं. तुमच्या हातात हीट ट्रीटमेंटची भट्टी.

—

अगं बाई, मालक तर रोपं सांगून बसलेत! मग नोटिशीत क्रेडिट नकोच. 'शिफ्ट सुटताना भट्टीचं गॅस मीटर वहीत लिहा, कॉइलचा टॅग फेकू नका, त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या वितळणीचं ते असतं' एवढंच लावते.

—

लावा. पण कर्बहक्क मला नाही पटलेला.